सॉफ्टवेअरचं काम नेमकं कुठल्या कामासारखं?

मधली_सुट्टी | रविवार, रात्री ९.४०

मी सतरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. धाकटा भाऊ साताऱ्यात आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या सळ्या-काँक्रीटचं डिझाइन करून ते तपासणारा इंजिनिअर. काल त्याच्या एका साइटवर स्लॅब होता. मी सुट्टीला घरी आले होते, म्हणून सोबत गेले.

आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी येऊन उभी होती, ड्रम फिरत होता, पंपवाला घाई करत होता. भाऊ मात्र टेप घेऊन सळ्यांमधून वाकून चालत होता. दोन सळ्यांमधलं अंतर मोजायचं, सळ्या तळाला टेकू नयेत म्हणून खाली ठेवलेले कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का बघायचं आणि पुढे सरकायचं. बाल्कनीपाशी तो थांबला. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते, म्हणून तिचं मुख्य स्टील वरच्या अंगाला लागतं. मजुरांच्या जाण्यायेण्यात ते पायाखाली दबून खाली बसलं होतं. माझ्यासारखीला काही कळलंच नसतं. सळ्या तेवढ्याच, जाडी तीच, फक्त चार बोटं खाली. त्याने काम थांबवलं, खालून 'खुर्च्या', म्हणजे सळईचेच वाकवलेले आधार, देऊन सगळं स्टील पुन्हा वर घ्यायला लावलं. पाऊण तास गेला. काँट्रॅक्टर धुमसत होता. भाऊ मला एवढंच म्हणाला, "ताई, काँक्रीट पडलं की आतलं कुणालाच दिसत नाही. माझी सही मात्र राहते."

गुरुवारी आमच्याकडे रिलीज झाला, तीन बग, म्हणजे चुका, माहीत असताना. "पुढच्या पॅचमध्ये (दुरुस्तीत) घेऊ" असं मीच म्हणाले आणि त्या मीटिंगमध्ये कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत होतं.

आम्ही स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. ते खरं आहे का? की आमचं काम दुसऱ्याच कुठल्या कामाच्या जवळ जातं? इथे वेगवेगळ्या व्यवसायांतली मंडळी आहेत, म्हणून विचारते. तुमच्या कामातली कुठली रीत आम्ही उचलायला हवी?

---

पाटी_पेन्सिल | रविवार, रात्री १०.१५

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द गाजला तो १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिशला नाटोने भरवलेल्या परिषदेमुळे. तिथे तो मुद्दाम डिवचायला वापरला होता. प्रोजेक्ट लांबताहेत, खर्च हाताबाहेर जातोय, तेव्हा इतर इंजिनिअरांकडे असते तशी शिस्त आपल्याकडेही हवी, असा त्यामागचा रोख. म्हणजे त्या नावात हकीकत कमी आणि इच्छा जास्त होती. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी तुम्ही तोच प्रश्न विचारताय.

एक मूळ फरक सांगतो. बांधकामात नकाशा एकाचा आणि विटा रचणारे हात दुसऱ्याचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधायचं काम कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारं सॉफ्टवेअर) करतो, काही सेकंदांत, फुकटात. आम्ही दिवसभर जे लिहितो तो सगळा नकाशाच. त्यामुळे 'मजले चढायला इतके दिवस' असा हिशेब आम्हाला लागू पडत नाही.

---

जुना_खांब | सोमवार, सकाळी ७.०५

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. मधली_सुट्टी, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. पण सगळं बांधकाम खातं तुमच्या भावासारखं असतं असं समजू नका.

१२ जुलै १९६१. मी नऊ वर्षांचा होतो, आम्ही नारायण पेठेत राहायचो. पानशेतचं धरण पुरं व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं होतं. पाणी सोडायच्या दरवाज्यांचं काम अपुरं होतं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण गेलं आणि पाठोपाठ खडकवासलाही. वडिलांनी आम्हा भावंडांना पर्वतीकडे नेलं. परत आलो तेव्हा घराच्या भिंतीवर गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. पुढे मी याच खात्यात गेलो, त्यामागे ती रेघ आहे. तेव्हा 'अपुरं काम वापरात आणणं' हा रोग तुमच्या धंद्याने शोधलेला नाही.

दुसरी गोष्ट कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, धरणाच्या भिंतीला तडे गेले. धरण पाडून नवं बांधणं शक्यच नव्हतं. मागच्या अंगाने काँक्रीटचे आधार देऊन तेच धरण मजबूत केलं. पुढे वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याला जलाशयाच्या तळातून पाणी हवं होतं, आणि भरलेला शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, रिकामा कोण करणार? म्हणून खालून बोगदा खणत नेला, शेवटचा खडक तेवढा राखला आणि १३ मार्च १९९९ ला तो पाण्याखाली सुरुंग लावून उडवला. भरल्या तळ्याला भोक पाडायचं आणि वर काही हलू द्यायचं नाही.

तुम्ही स्वतःची तुलना धरण बांधणाऱ्यांशी करता. माझ्या मते ती धरण सांभाळणाऱ्यांशी करावी. माझी निम्मी नोकरी गळती मोजण्यात गेली. रोज सकाळी धरणाच्या भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत उतरून किती पाणी झिरपतंय ते वहीत लिहायचं. कालच्यापेक्षा जास्त का, एवढाच प्रश्न. त्या वहीला कुणी टाळ्या वाजवत नाही.

---

काळी_माती | सोमवार, सकाळी ७.४०

काका, भरल्या तळ्याला भोक! अंगावर काटा आला. वाचतोय.

---

मधली_सुट्टी | सोमवार, सकाळी ९.२०

जुना_खांब काका, गळतीची वही वाचून मी चहा तसाच ठेवला. आमच्याकडे सर्व्हरचे आलेख चोवीस तास भिंतीवर लावलेले असतात, पण कालच्यापेक्षा जास्त का, हे रोज विचारणारा एकही माणूस नेमलेला नाही.

---

कोर्टाची_पायरी | सोमवार, दुपारी २.१०

नाशिकला वकिली करते. मला तुमचं काम कायद्याचा मसुदा लिहिण्यासारखं वाटतं. शब्दांतूनच यंत्र उभं करायचं आणि एक 'आणि' चुकीच्या जागी पडला तर भलताच माणूस आत.

१ जुलै २०२४ ला १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. खून ३०२ होता तो १०३ झाला, फसवणूक ४२० होती ती ३१८ मध्ये गेली. पण जुनं बंद झालं का? नाही. १ जुलैच्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच संहितेखाली चालतो. माझ्या बॅगेत आज दोन्ही पुस्तकं आहेत आणि पुढची कित्येक वर्षं राहणार. तुम्ही नवी सिस्टिम आणताना जुनी एका रात्रीत बंद करायचं ठरवता, तेव्हा हे आठवावं. माणसांचे जुने व्यवहार जुन्या नियमांवर उभे असतात.

---

गणपुले_गल्ली | सोमवार, दुपारी २.२५

मग आता 'चारशेवीस माणूस' कुणाला म्हणायचं? 'तीनशे अठरा' म्हटलं तर समोरचा आभार मानून जाईल.

---

कोर्टाची_पायरी | सोमवार, दुपारी २.४०

कोर्टाच्या कँटीनमध्ये अजून चारशेवीसच चालतं. भाषेला तारीख लागू होत नाही.

---

सुईदोरा | सोमवार, संध्याकाळी ६.३०

मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, इचलकरंजीला दुकान आहे. मुलगा तुमच्याच क्षेत्रात, त्याने हा धागा पाठवला.

आमच्याकडे शिवताना शिलाईच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडतात. त्याला माया म्हणतात. बाई वर्षभराने जरा भरली तर ब्लाउज उसवून माया सोडायची, तोच ब्लाउज पुन्हा अंगात बसतो. माया ठेवली नाही तर कापड वाचतं, शिलाई आतून सुबक दिसते, पण तो ब्लाउज एका वर्षाचा. आणि माया फार ठेवली तर काखेत जाडी होते, टोचतं. किती ठेवायची हे गिऱ्हाईक बघून ठरतं. लग्नाच्या ब्लाउजला मी जास्त ठेवते, कारण तो ती वीस वर्षं जपणार असते.

मुलगा सांगतो की त्यांच्याकडे आत काही जागाच सोडलेली नसते, एक ओळ बदलली की चार ठिकाणी उसवतं. मी त्याला म्हटलं, तुला शिवणकाम शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

---

पाटी_पेन्सिल | सोमवार, रात्री ८.००

ताई, वीस वर्षं मी यासाठी चांगला मराठी शब्द शोधत होतो. माया! उद्यापासून आमच्या टीममध्ये हाच शब्द. आणि 'फार ठेवली तर टोचतं' हेही तितकंच खरं. कधी न लागणाऱ्या सोयींसाठी आधीच केलेली गुंतागुंत मी भरपूर उपसली आहे.

---

तर्कट | सोमवार, रात्री १०.५०

मला हा सूर पटत नाही. स्लॅब, धरण, खून-खटले... सगळी उदाहरणं जीवावर बेतणारी. बहुतेक सॉफ्टवेअर तसं नसतं. मी फोटोंचा अल्बम करायचं अॅप बनवतो. त्यात एखादा फोटो आडवा दिसला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतो. चूक स्वस्तात सुधारता येणं ही आमच्या माध्यमाची ताकद आहे, आणि ती वापरण्यात लाज कसली? तुमच्या भावाला काँक्रीट उद्या परत ओतता आलं असतं तर तोही पाऊण तास थांबला नसता. तीन बग माहीत असताना रिलीज करणं हा गुन्हा नाही. ते कुठले तीन बग, हा प्रश्न आहे.

---

रातपाळी | मंगळवार, पहाटे ४.१५

आयसीयूत सिस्टर आहे, नागपूर. आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहिते.

तर्कट, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. पण कुठला बग साधा आणि कुठला जीवघेणा, हे ठरवतं कोण? मी पूर्वी एका हॉस्पिटलमध्ये होते, तिथे औषधांची नोंद करायचं नवं सॉफ्टवेअर आलं. युनिटच्या खान्यात मागच्या पेशंटचं युनिट तसंच राहायचं. मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम. बनवणाऱ्यांच्या यादीत ती 'किरकोळ, दिसण्याबाबतची' तक्रार होती. आमच्यासाठी तो हजारपटींचा फरक. आम्ही सगळ्या सिस्टर्सनी मिळून कागदाची शीट चालू ठेवली, प्रत्येक डोस कागदावरून ताडायचो. चार महिने. त्या काळात सॉफ्टवेअरवाल्यांपैकी एकही माणूस वॉर्डात आला नाही. आला असता तर दहा मिनिटांत त्याला कळलं असतं, कारण प्रत्येक बेडशी कागद लटकत होता.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडची उचलण्यासारखी रीत म्हणजे हँडओव्हर. ड्यूटी बदलताना मी आणि नवी सिस्टर बेडशी उभ्या राहतो, टेबलाशी नाही. पेशंट कोण, कशासाठी आलाय, रात्री काय बदललं, कुठलं ड्रिप किती वेगाने चालू, कशावर नजर ठेवायची. ती ऐकते आणि महत्त्वाचं परत म्हणून दाखवते. इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं) अशी जोखमीची औषधं दोघींनी तपासल्याशिवाय द्यायची नाहीत. आणि शेवटी मी सांगते ते वहीत कुठेच नसतं: "तीन नंबरच्या आजोबांचं मला आज ठीक वाटत नाहीये." आकडे बरोबर असतात, तरी सांगायचं. कितीदा तरी तेच खरं ठरलेलं असतं.

बेल वाजली, जाते.

---

जुना_खांब | मंगळवार, सकाळी ६.५०

रातपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या वहीतही शेवटी 'शेरा' असा रकाना असे. नवीन पोरं तो कोरा सोडायची. मी रागवायचो.

---

पाटी_पेन्सिल | मंगळवार, सकाळी ११.३०

तर्कट, तुमच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण चाळीसेक सेकंदांत संपलं. दिशा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा भाग एरियन ४ मधून तसाच उचलला होता. तिथे तो वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता. एरियन ५ चा आडवा वेग जास्त, तो आकडा १६ बिटांच्या खान्यात मावला नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर, तोही त्याच कारणाने बंद. वर कडी म्हणजे उड्डाण झाल्यावर त्या आकडेमोडीची गरजही नव्हती.

एरियन ४ साठी तो कोड अगदी योग्य होता. म्हणून 'माझं तर अल्बमचं अॅप' हे आज खरं असलं, तरी त्यातला फोटो फिरवण्याचा तुकडा उद्या कुणी एक्स-रे दाखवायला उचलला तर? डावं फुप्फुस आणि उजवं फुप्फुस. कोड आपल्या हातून निघाला की कुठे राहायला जातो ते आपल्याला कळत नाही. वीट असं करत नाही.

---

तर्कट | मंगळवार, दुपारी १.१५

एक्स-रेचं उदाहरण मान्य. पण मग ज्याने उचलला त्याने तपासायला हवं, हेही माना. जुन्या वाड्याचं दार काढून बँकेच्या तिजोरीला लावलं तर दोष सुताराचा नाही.

रातपाळी यांचा अनुभव मात्र वेगळा आहे. तिथे माणूस वॉर्डात न जाणं ही सरळ कामचुकारी होती. त्यावर माझा काही वाद नाही.

---

जुनाट_कोबोल | मंगळवार, रात्री ९.००

'सही'बद्दल कुणीच बोलत नाहीये. सीएला १९४९ चा कायदा आहे, वकिलाला १९६१ चा, आर्किटेक्टला १९७२ चा. आपल्याला काहीच नाही. अमेरिकेत टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरना परवाना द्यायला सुरुवात केली. पुढे २०१३ मध्ये तिथे परवान्यासाठी वेगळी परीक्षाही आली. बसणारे इतके थोडे निघाले की २०१९ नंतर ती बंद पडली.

मी १९९८-९९ मध्ये न्यू जर्सीत वायटूकेचं, म्हणजे २००० साल लागल्यावर जुने प्रोग्रॅम तारखांत चुकू नयेत याचं काम केलं. सालाचे दोनच आकडे ठेवलेले, ते शोधून चार करायचे. ज्यांनी दोन ठेवले ते मूर्ख नव्हते, तेव्हा मेमरी सोन्याच्या भावाने मिळायची. सुईदोरा ताईंच्या भाषेत, कापड महाग म्हणून माया ठेवली नाही. आम्ही रोज हजारो ओळी वाचायचो. एका प्रोग्रॅममध्ये सर्वांत वर लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव, १९७४ हे साल आणि 'हे खातं मिटायच्या तारखेला हात लावण्याआधी खालचा परिच्छेद वाचावा' असं लिहून ठेवलं होतं. त्या परिच्छेदाने आमचे दोन आठवडे वाचवले. कुठलाही परवाना नसताना चोवीस वर्षं आधी त्या माणसाने सही केली होती. त्याला भेटता आलं नाही याची खंत आहे.

---

काळी_माती | बुधवार, सकाळी ६.३०

मी बीसीएस करून चार वर्षं हिंजवडीत होतो, आता परभणीत शेती करतो. दोन्ही केलंय म्हणून सांगतो.

आमच्याकडे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. नुसता पाऊस पडून भागत नाही, वाफसा यावा लागतो. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, तर पेरायचं. चिकटून राहिला तर थांबायचं. शेजारचा पेरतोय म्हणून पेरलं आणि पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणी. बियाणं गेलं, खत गेलं, हंगाम मागे गेला.

हिंजवडीत दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी पेरणी व्हायची, वाफसा असो नसो. मी एकदा म्हटलं की हे अजून कच्चं आहे. मॅनेजर म्हणाले तारीख क्लायंटला दिली आहे. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्याही डोक्यावर कुणी होतं. पण माती दाबून बघायचा हक्क कुणालाच नव्हता. मधली_सुट्टी ताई, तुमच्या भावाकडे सगळ्यात मोठी गोष्ट काय होती? टेप नाही. त्याने हात वर केला आणि गाडी थांबली, ही.

---

सुईदोरा | बुधवार, सकाळी १०.००

काळी_माती दादा, खरं बोललात. मुलाला वाचून दाखवलं. तो गप्प बसला.

---

तर्कट | बुधवार, रात्री ८.२०

याला मात्र पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे मी एकटाच आहे म्हणून थांबवता येतं. दहा जणांत असतो तर थांबवता आलं असतं का, सांगता येत नाही.

---

मधली_सुट्टी | रविवार, रात्री ९.१० (चार आठवड्यांनी)

धागा वर काढते, कारण स्लॅबला काल २८ दिवस पूर्ण झाले.

स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे सहा क्यूब भरले होते, प्रत्येक बाजू १५० मिलिमीटर. तीन सातव्या दिवशी फोडतात, तीन अठ्ठाविसाव्या. काँक्रीट एम २५, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनची ताकद हवी. काल तिन्ही क्यूब २९ च्या वर गेले. मग आज सकाळी बाल्कनीखालचे टेकू काढले. ते आधी मोकळ्या टोकाचे काढतात आणि भिंतीकडे सरकत येतात. उलटं केलं तर ज्या वजनासाठी बाल्कनी घडलीच नाही ते तिच्यावर येतं. भावाने शेवटचा टेकू काढल्यावर टोकाशी दोरी लावून किती झुकली ते मोजलं आणि डायरीत लिहिलं. मी शेरा लिहायला सांगितला, जुना_खांब काका. त्याने लिहिलं: 'स्टील दबलं होतं, पुन्हा वर घेतलं. पुढच्या मजल्याला चालायला फळ्या टाकाव्यात.'

आमच्याकडे दोन गोष्टी झाल्या. त्या तीन बगांपैकी एक ग्राहकाला पावती दोनदा पाठवणारा होता. आम्ही त्याला साधा समजलो होतो. मी सपोर्टच्या मुलींशेजारी एक दिवस बसले. त्या दिवशी आलेल्या फोनपैकी अकरा त्याच्याच होते, आणि त्यातल्या एका आजीबाईंना पैसेही दोनदा गेले असं वाटून रडू आलं होतं. बग दुसऱ्या दिवशी काढला.

दुसरं, सोमवारपासून आम्ही रातपाळी यांच्या पद्धतीने हँडओव्हर करतो. पुण्याची टीम संध्याकाळी पोलंडच्या टीमला काम देते. पूर्वी नुसती टिकेटची (कामाच्या नोंदीची) लिंक जायची. आता पंधरा मिनिटं समोरासमोर, स्क्रीनवर चालू सिस्टिम उघडून. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. शेवटचा प्रश्न ठरलेला: "आज कशाबद्दल ठीक वाटत नाहीये?" पहिले तीन दिवस सगळे "काही नाही" म्हणाले. गुरुवारी आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, आठ महिने झालेत तिला, म्हणाली की रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला असं येतं, पण फाइल रोजच्यापेक्षा लहान वाटते. तिकडच्याने उघडून पाहिली. अर्धीच होती.

गाडी थांबवायचा हक्क अजून मिळालेला नाही. मंगळवारी वरिष्ठांशी त्यावर बोलायचं आहे. काळी_माती, मूठभर मातीचं तुमचं उदाहरण तिथे सांगितलं तर चालेल ना?

---

रातपाळी | सोमवार, पहाटे ३.५०

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. नक्की सांगा.

---

काळी_माती | सोमवार, सकाळी ६.१०

सांगा ताई, बिनधास्त. हवी असेल तर मूठभर माती कुरिअरने पाठवतो. इकडे कालच वाफसा आलाय.